उकळत्या पाण्यात न विस्कटणारी घडी

बॅसिलस लायकेनिफॉर्मिस हा मातीत राहणारा एक साधा जिवाणू. पक्ष्यांच्या पिसांवरही तो सापडतो. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचं छान चालतं. त्याच्या फार वर गेलं की वाढ थांबते, आणि पाणी उकळेपर्यंत त्याच्या बीजाणूंखेरीज काही जिवंत उरत नाही. पण हाच जिवाणू स्टार्च पचवण्यासाठी एक एन्झाइम अंगाबाहेर सोडतो. हे एन्झाइम ९० अंशांना नुसता तग धरत नाही, त्या तापमानाला ते सगळ्यात जोमानं काम करतं. थोड्या वेळासाठी १०५ अंशही सोसतं. मालक ज्या तापमानाला मरतो, त्याच्या कितीतरी वर त्याचं अवजार चालू असतं.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती. कारण उष्णता सोसणारं एन्झाइम म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो गरम पाण्याच्या झऱ्यातला जिवाणू. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक यांना अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांत थर्मस अ‍ॅक्वाटिकस सापडला, त्याच्या एन्झाइमवर पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायचं तंत्र, उभं राहिलं, आणि आपल्या मनात एक समीकरण पक्कं बसलं: जिवाणूचं घर गरम, तर एन्झाइमही गरम. लायकेनिफॉर्मिस या समीकरणात बसत नाही. तो का बसत नाही हे शेवटाकडे बघू. आधी हे एन्झाइम टिकतं म्हणजे नेमकं काय टिकतं, ते पाहायला हवं.

खळ आणि कात्री

स्टार्च, म्हणजेच पिष्ट, ही ग्लुकोजच्या मण्यांची माळ. काही माळा जवळपास सरळ असतात, त्यांना अमायलोज म्हणतात. काहींना जागोजागी फांद्या फुटलेल्या असतात, त्या अमायलोपेक्टिन. वनस्पती या माळा घट्ट रचून त्यांचे बारीक दाणे करून ठेवतात. अल्फा-अमायलेज, म्हणजे लायकेनिफॉर्मिस बाहेर सोडतो ते एन्झाइम, ही या माळा कापणारी कात्री. ती टोकाला बसून एकेक मणी सोडवत नाही, मधेच कुठेही कापते. म्हणून थोडेच काप बसले तरी लांबच लांब माळेचे तुकडे होतात आणि घट्ट खळ बघता बघता पातळ होते.

ही कात्री माणसाच्या हाती लागली १८३३ मध्ये. फ्रान्समधले आन्सेल्म पायेन आणि झाँ-फ्रान्स्वा पेर्सो यांनी मोड आणलेल्या धान्याच्या अर्कात अल्कोहोल घातलं, त्यातून पांढरा साका खाली बसला, आणि तो चिमूटभर साका भरपूर स्टार्च विरघळवू शकतो असं त्यांना दिसलं. त्यांनी त्याला डायास्टेज म्हटलं. आज जवळपास प्रत्येक एन्झाइमच्या नावाला लागणारं ‘-एज’ हे शेपूट तिथूनच आलं. अर्क उकळला की हा गुण नाहीसा होतो, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणजे एन्झाइमची ओळख आणि त्याचा उष्णतेपुढचा दुबळेपणा, दोन्ही एकाच वेळी कळले.

आता अडचण अशी की स्टार्चलाच उष्णता लागते. थंड पाण्यात तो ढवळला तर दाणे तसेच्या तसे तळाशी बसतात. माळा आत इतक्या घट्ट असतात की कात्रीचं पातं शिरत नाही. साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान (कोणत्या वनस्पतीचा दाणा आहे त्यावर हे ठरतं) दाणे पाणी पितात, फुगतात, फुटतात, आणि खळ होते. कारखान्यात ३० ते ३५ टक्के स्टार्च असलेलं दाट दुधासारखं मिश्रण एका अरुंद तोंडातून वाफेच्या झोतात सोडतात. दाबामुळे पाणी उकळत नाही आणि मिश्रण १०५ अंशांच्या वर जातं. तिथे ते पाचेक मिनिटं राहतं, मग ९५ अंशांच्या आसपास तास-दोन तास.

एन्झाइम थंड झाल्यावर घालू म्हटलं तर चालत नाही. एवढ्या दाट स्टार्चची खळ झाली की पंप अडकतो. शिवाय खळ गार होऊ लागली की मोकळ्या झालेल्या माळा पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि पुन्हा कात्रीच्या आवाक्याबाहेर जातात. म्हणून दाणा फुटतो त्या क्षणी, म्हणजे सगळ्यात गरम क्षणी, एन्झाइम तिथे हजर असावं लागतं. १९७० च्या दशकात नोवो या डॅनिश कंपनीनं लायकेनिफॉर्मिसचं अमायलेज टर्मामिल या नावानं बाजारात आणलं ते याच कामासाठी.

विस्कटतं म्हणजे काय होतं

एन्झाइम हे प्रथिन असतं, आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची साखळी. या अमायलेजचा रेणू म्हणजे अशा ४८३ अमिनो आम्लांची एकच साखळी. साखळी नुसती लांब पसरलेली असेल तर ती काहीच करत नाही. तिची एक ठरावीक घडी बसावी लागते. या घडीचे तीन भाग असतात. मधला सगळ्यात मोठा भाग पिंपासारखा: आतून आठ पट्ट्या उभ्या रचलेल्या, बाहेरून आठ मळसूत्रं त्यांना वेढा घालून बसलेली. या पिंपातून एका बाजूला साखळीचा एक भाग बाहेर झेपावतो, तो दुसरा. आणि शेवटाकडचा तिसरा. स्टार्चची माळ येऊन बसते ती पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधल्या खोबणीत.

कापण्याचं खरं काम करणारी अमिनो आम्लं तीनच आहेत. साखळीत त्यांचे क्रमांक २३१, २६१ आणि ३२८. साखळी सरळ केली तर ती एकमेकांपासून लांब आहेत. घडी बसते तेव्हाच ती खोबणीच्या तळाशी समोरासमोर येतात. उष्णतेनं एन्झाइम मरतं तेव्हा साखळी तुटत नाही. ४८३ मणी जागच्या जागी असतात. फक्त घडी विस्कटते आणि ही तीन आम्लं एकमेकांपासून पांगतात.

आणि ही घडी फार बेताची असते. तिला धरून ठेवणाऱ्या शक्ती पुष्कळ आहेत: तेलकट आम्लं पाण्यापासून लपण्यासाठी आत दडून बसतात, हायड्रोजन बंध शेकड्यांनी असतात, धन आणि ऋण प्रभारांच्या जोड्या असतात. पण साखळीला मोकळं व्हायला लावणारी ओढही जवळपास तेवढीच मोठी आहे, कारण मोकळ्या साखळीला वळवळायला लाखो तऱ्हा उपलब्ध असतात आणि घडीत फक्त एकच. दोन्ही बाजूंचा जमाखर्च मांडला तर प्रथिनांच्या खात्यात शिल्लक उरते ती साधारण मोलमागे २० ते ६० किलोज्यूल. तुलनेसाठी, कार्बनच्या दोन अणूंमधला एकच साधा बंध तोडायला सुमारे ३५० किलोज्यूल लागतात. शेकडो अमिनो आम्लांचा डोलारा एका बंधाच्या पाव हिश्श्याहूनही कमी शिल्लकीवर उभा असतो.

हे कळलं की दोन गोष्टींचं आश्चर्य कमी होतं. प्रथिनं एवढ्या पटकन का बिघडतात, याचं; आणि दोन-चार ठिकाणी टाके घट्ट केले की ती एकदम चिवट कशी होतात, याचं. उकळत्या पाण्यात टिकणारी प्रथिनं निराळ्या मालाची नसतात. तीच वीस अमिनो आम्लं, तेच बंध. फक्त शिल्लक जरा जास्त, आणि ती योग्य जागी.

विस्कटण्याचे दोन टप्पे असतात, आणि ते वेगळे ओळखायला हवेत. पहिल्या टप्प्यात घडी उघडते, पण गार केलं तर पुन्हा बसू शकते. ख्रिश्चन अँफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाच्या छोट्या एन्झाइमवर हे दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९७२ चं नोबेल मिळालं. दुसऱ्या टप्प्यात परतीची वाट बंद होते. उघडी पडलेली तेलकट आम्लं शेजारच्या रेणूच्या तेलकट आम्लांना चिकटतात आणि गुठळ्या होतात, किंवा साखळी भलत्याच घडीत अडकते, किंवा एखाद्या आम्लाची रासायनिक मोडतोड होते. ‘आधी परतीचं उघडणं, मग न परतीचं बिघडणं’ ही मांडणी लम्री आणि आयरिंग यांनी १९५४ मध्ये केली आणि ती अजूनही वापरात आहे. अमायलेज हे मोठं, तीन भागांचं प्रथिन असल्यानं एकदा पुरतं उघडलं की सहसा परत येत नाही.

किती अंश, की किती वेळ?

‘या एन्झाइमचं सर्वोत्तम तापमान ९० अंश’ असं वाक्य जिथे तिथे दिसतं. मी वर तेच केलं. पण खरं सांगायचं तर हा आकडा एकट्या एन्झाइमचा गुण नाही, निम्मा गुण घड्याळाचा आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की कापण्याचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. त्याच वेळी घडी विस्कटण्याचा वेगही वाढतो, आणि तो दुपटीपेक्षा खूपच भराभर वाढतो. या दोघांची शर्यत असते. पाच मिनिटांची चाचणी घेतली तर जास्त तापमानाला एन्झाइम जिंकतं, कारण मरण्याआधी ते भरपूर कापून मोकळं होतं. तीच चाचणी दोन तास चालवली तर ‘सर्वोत्तम तापमान’ दहा-वीस अंशांनी खाली येऊ शकतं. एन्झाइम तेच, आकडा वेगळा.

म्हणून या क्षेत्रात काम करणारे लोक अर्धायुष्य विचारतात: अमुक तापमानाला, अमुक पीएचला (पाणी किती आंबट याच्या मापाला), एन्झाइमची निम्मी ताकद जायला किती वेळ लागतो? तापमान, पीएच आणि कॅल्शियम किती होतं हे न सांगता ‘उष्णतेला स्थिर’ म्हणणं म्हणजे किती दिवसांची ते न सांगता ‘उधारी मिळेल’ म्हणण्यासारखं आहे.

हे अर्धायुष्य मोजायची साधी पद्धत आयोडीनची. एन्झाइम गरम पाण्यात ठेवायचं, दर काही मिनिटांनी थोडं काढून बर्फात घालायचं, म्हणजे विस्कटणं तिथेच थांबतं. मग प्रत्येक नमुना समान स्टार्चवर समान वेळ चालवायचा. खळगे असलेल्या पांढऱ्या फरशीवर आयोडीनचे थेंब मांडून ठेवायचे आणि त्यात एकेक थेंब टाकत जायचं. स्टार्च शाबूत असेल तर गडद निळा, थोडा कापला गेला असेल तर जांभळा, अजून कापला असेल तर तांबूस तपकिरी, आणि बारीक तुकडे झाले असतील तर आयोडीनचाच पिवळसर रंग. ताज्या एन्झाइमच्या रांगेत निळा चटकन मावळतो. तासभर भाजलेल्याच्या रांगेत तो रेंगाळतो.

विद्यार्थी असताना यात मी सपशेल फसलो होतो. ८० अंशांच्या पाण्यातली परीक्षानळी उचलली आणि गरमागरम थेंब थेट आयोडीनमध्ये टाकला. निळा उमटलाच नाही. पुढचा थेंब, तेच. एन्झाइमनं पहिल्याच मिनिटाला सगळा स्टार्च फस्त केला असं समजून मी वहीत मोठ्या आनंदानं आकडे लिहिले. मग ज्या नळीत एन्झाइम घातलंच नव्हतं तिचा थेंब टाकला, तर तिथेही निळा नाही. आयोडीनचे अणू अमायलोजच्या मळसूत्री वळणांच्या आत ओळीनं बसतात तेव्हाच निळा रंग येतो. गरम असताना ती जोडी सुटते आणि रंग जातो, गार झाल्यावर परत येतो. पाच मिनिटांनी फरशीकडे पाहिलं तर माझे सगळे ‘पचलेले’ थेंब निळे होऊन बसले होते.

चुलत भावंडं

उष्णतेला टिकण्याचं गुपित शोधायला निसर्गानं एक सोयीची जोडी देऊन ठेवली आहे. बॅसिलस अमायलोलिक्विफेशियन्स हा लायकेनिफॉर्मिसचा नातलग. दोघांची अमायलेजं शेजारी मांडली तर शंभरातली जवळपास ८० अमिनो आम्लं जागच्या जागी तीच. घडी जवळपास हुबेहूब. तरीही ९० अंशांना एक काही मिनिटांत गारद होतं आणि दुसरं तासन् तास चालतं. तिसरं भावंड, जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचं, या दोघांच्या मध्ये कुठेतरी. गंमत म्हणजे या तिघांत खरा उष्णताप्रेमी जिवाणू आहे तो हा मधला.

म्हणजे फरक कुठेतरी उरलेल्या वीस टक्क्यांत लपलेला. पण त्यातले बहुतेक फरक निरर्थक असणार, पिढ्यान् पिढ्या साचत गेलेले. कामाचे कोणते? १९८९ मध्ये जपानी संशोधकांनी दोन्ही जनुकांचे तुकडे एकमेकांत बदलून संकर अमायलेजं बनवली: डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं. कोणता तुकडा बदलला की चिवटपणा येतो, हे पाहत पाहत ते दोन छोट्या जागांवर आले. त्यातल्या एका जागी, १७६ आणि १७७ क्रमांकांवर, नाजूक भावाकडे आर्जिनिन आणि ग्लायसिन ही दोन आम्लं जास्त होती. चिवट भावाकडे ती नव्हतीच. ती दोन काढून टाकली आणि दुसऱ्या जागी २६९ व्या क्रमांकाच्या लायसिनऐवजी अ‍ॅलॅनिन घातलं, तर नाजूक एन्झाइम बरंच टिकाऊ झालं.

मला ही गोष्ट फार आवडते. चिवट करण्यासाठी काहीतरी घालावं लागेल असं कुणालाही वाटेल. इथे दोन मणी काढल्यानं काम झालं. कापडाचा सैल लोंबणारा भाग कशाततरी अडकून फाटतो, तो आखूड केला की फाटत नाही, तसं. स्टिअरोथर्मोफिलसच्या अमायलेजमध्येही याच भागातली दोन आम्लं वगळून जास्त टिकाऊ आवृत्ती करता येते.

आणि साखळीचं ते सैल लोंबणारं वळण, तो फास, नेमका कुठे आहे? कॅल्शियमच्या घरट्याला लागून. इथे जरा थांबून जवळून पाहण्यासारखं आहे.

अमायलेजमध्ये कॅल्शियम असतं आणि ते काढलं तर एन्झाइम कोसळतं, हे बर्ट व्हॅली, एडमंड फिशर आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं. ते नेमकं काय करतं हे दिसायला क्ष-किरणांनी घेतलेली स्फटिकाची चित्रं लागली. १९९८ मध्ये माखियस, हुबर आणि सहकाऱ्यांनी लायकेनिफॉर्मिसच्या अमायलेजचं कॅल्शियमसहित चित्र प्रसिद्ध केलं. पहिला भाग आणि बाहेर झेपावलेला दुसरा भाग जिथे भेटतात तिथे त्यांना धातूंची एक ओळ दिसली: कॅल्शियम, सोडियम, कॅल्शियम. बाजूला दोन कॅल्शियम आणि मधे एक सोडियम, आणि त्यांच्याभोवती साखळीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून आलेली ऋण प्रभाराची आम्लं. मुळात ही ऋण आम्लं एकमेकांना ढकलणारी. मधे धन प्रभाराचे धातू आल्यामुळे ती एका जागी गुण्यागोविंदानं नांदतात. आणखी एक कॅल्शियम पहिल्या आणि तिसऱ्या भागाला सांधून ठेवतं.

कॅल्शियम काढून घेतलेल्या एन्झाइमचं चित्र त्याच गटानं आधी, १९९५ मध्ये, काढलं होतं. दोन्ही शेजारी ठेवली की फरक कळतो. पिंप जवळपास तसंच असतं. पण घरट्याजवळचा, खोबणीच्या काठावरचा फास बेशिस्त होतो, इतका की चित्रात तो धूसर दिसतो. कॅल्शियम आलं की हा फास जागेवर बसतो आणि खोबणीला आकार येतो. म्हणजे कॅल्शियम हा घडीला मारलेला टाका आहे, आणि तो मारला आहे बरोबर जिथून उसवायला सुरुवात होते तिथे. ईडीटीएसारखं धातू पकडून नेणारं रसायन घालून हा टाका उसवला, तर उकळत्या पाण्याला दाद न देणारं एन्झाइम कित्येक दहा अंश खालीच ढेपाळतं. तेव्हा चिवट आणि नाजूक भावंडांमध्ये फारसा फरकही उरत नाही.

आता एक प्रश्न साहजिक आहे: गंधकाचे पूल का नाहीत? सिस्टीन या आम्लाच्या दोन रेणूंमधला गंधकाचा पूल हा प्रथिनांतला नेहमीचा भक्कम टाका. पण लायकेनिफॉर्मिसच्या अमायलेजमध्ये सिस्टीन एकही नाही. माझ्या मते हे त्याच्या पथ्यावरच पडतं, कारण जास्त तापमानाला गंधकाचे पूल स्वतःच तुटतात आणि भलत्या जोड्या जुळवून बसतात.

मग हे चिवट एन्झाइम शेवटी मरतं कशानं? १९८८ मध्ये एमआयटीतल्या टोमाझिक आणि क्लिबानोव्ह यांनी तिन्ही भावंडांचे मृत्यू तपासले. नाजूक एन्झाइम भलत्या घडीत अडकून जातं, हे अपेक्षितच होतं. लायकेनिफॉर्मिसचं मात्र पीएच ६.५ ला इतका वेळ तगतं की त्याच्या मरणाचं कारणच बदलतं. अ‍ॅस्पॅराजिन आणि ग्लुटामिन ही दोन आम्लं गरम पाण्यात हळूहळू अमोनिया सोडतात आणि ऋण प्रभाराची आम्लं होऊन बसतात. जिथे प्रभार नको तिथे प्रभार येतो आणि घडी आतून सैल होते. नाजूक एन्झाइम या दुखण्यापर्यंत पोचतच नाही. म्हातारपणाचे आजार व्हायला आधी म्हातारं व्हावं लागतं, तसंच हे.

यातूनच पुढचा मार्ग सापडला. फ्रान्समध्ये नाताली देक्लेर्क आणि सहकाऱ्यांनी या एन्झाइमची आम्लं एकेक करून बदलत वर्षानुवर्षं काम केलं. धातूंच्या घरट्याजवळच्या फासातलं १९० क्रमांकाचं अ‍ॅस्पॅराजिन काढून तिथे फिनाइलअ‍ॅलॅनिन हे तेलकट आम्ल बसवणं, १३३ क्रमांकाचं हिस्टिडिन बदलणं, २०९ क्रमांकाच्या अ‍ॅलॅनिनच्या जागी जरा जाड व्हॅलिन घालून पोकळी भरणं, असे बदल एकत्र केले की आधीच चिवट असलेलं एन्झाइम आणखी चिवट होतं. उलट दिशेचे, घडी सैल करणारे बदलही त्यांनी केले, आणि २००३ पर्यंत एकाच एन्झाइमची उष्णता-सहनशक्ती तब्बल ५० अंशांच्या पट्ट्यात हवी तशी वर-खाली करून दाखवली. लक्षात घ्यायचं ते असं की परिणाम करणारे बहुतेक बदल दुसऱ्या भागात आणि त्याच्या सांध्यात आहेत. पिंपाला हात लावायची गरज फारशी पडली नाही. पिंप आधीच मजबूत आहे. घडी उसवते ती कोपऱ्यातून.

ताठ की लवचीक

टिकाऊ प्रथिन म्हणजे ताठ प्रथिन, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. यात तथ्य आहे, पण ते अर्धवट आहे. तथ्य दिसतं ते दुसऱ्या टोकाला. अंटार्क्टिकाच्या समुद्रातला स्यूडोअल्टेरोमोनास हॅलोप्लँक्टिस हा जिवाणू गोठणबिंदूच्या आसपास जगतो. बेल्जियममधल्या लीएज विद्यापीठात त्याच्या अमायलेजचा बारकाईनं अभ्यास झाला. त्याची घडी ४४ अंशांच्या आसपासच उलगडते. पण थंड पाण्यात ते इतरांपेक्षा कितीतरी भरभर कापतं, कारण खोबणीला हलायला मोकळीक आहे. कापायचं म्हणजे थोडं हलावं लागतं, आणि थंडीत घट्ट घडीला हलता येत नाही.

मात्र २००० मध्ये जर्मनीत न्यूट्रॉनचा मारा करून चिवट आणि नाजूक अमायलेजची थरथर मोजली गेली तेव्हा उलटंच दिसलं: सामान्य तापमानाला, अगदी क्षणिक हालचालींच्या पातळीवर, लायकेनिफॉर्मिसचंच एन्झाइम जास्त थरथरत होतं. याचा अर्थ लावता येतो. घडीत असतानाच भरपूर हालचाल करता येत असेल, तर घडी मोडून मिळणाऱ्या स्वातंत्र्याचा मोह कमी होतो. त्यामुळे ‘ताठ म्हणून टिकाऊ’ हे सूत्र मी तरी जपून वापरतो.

अजून काय हवं आहे

टिकण्याचा प्रश्न सुटला तरी कारखान्याचं समाधान होत नाही, आणि त्याला कारण आहे. कॅल्शियम एन्झाइमला हवं, पण पुढे ते डोकेदुखी होतं. ते ऑक्झलेटशी जुळून नळ्यांमध्ये आणि यंत्रांमध्ये कठीण थर धरतं. ग्लुकोजचं फ्रुक्टोज करणाऱ्या पुढच्या एन्झाइमला मॅग्नेशियम लागतं आणि कॅल्शियम त्याच्या कामात अडथळा आणतं, म्हणून मधे ते काढून टाकावं लागतं. पीएचचंही तसंच. हे अमायलेज ६ च्या आसपास खूश असतं, तर पुढच्या टप्प्यात तुकड्यांचं ग्लुकोज करणारं बुरशीचं एन्झाइम ४.५ च्या खाली, ६० अंशांना काम करतं. मधे आम्ल घालावं लागतं आणि क्षार साचतात. म्हणून शोध आहे तो कमी कॅल्शियमवर आणि जास्त आंबट पाण्यात टिकणाऱ्या आवृत्तीचा.

कपडे धुण्याच्या पावडरीत तर उष्णतेपेक्षा ब्लीच जास्त घातक ठरतं. खोबणीजवळच्या १९७ क्रमांकाच्या मेथिओनिनमधल्या गंधकाला ऑक्सिजन चिकटतो आणि कात्री बोथट होते. तिथे ल्युसिन बसवलं की ब्लीच काही करू शकत नाही. एका आम्लाचा बदल, बस.

मग मातीतल्या जिवाणूला याची गरज काय होती?

आता सुरुवातीचं कोडं. लायकेनिफॉर्मिस १०० अंशांत कधीच जगत नाही, तर त्याचं अमायलेज एवढं टिकाऊ का?

मला पटणारं उत्तर असं. हे एन्झाइम पेशीच्या आत काम करत नाही. स्टार्चचा दाणा पेशीपेक्षाही मोठा असू शकतो, तो आत घेता येत नाही. म्हणून कात्री बाहेर पाठवावी लागते. बाहेर माती आहे, कधी सुकी कधी ओली, आणि प्रथिनं कुरतडणारी एन्झाइमं आहेत. त्यातली बरीचशी याच जिवाणूनं सोडलेली. ही कुरतडणारी एन्झाइमं दात रोवतात ती सैल लोंबणाऱ्या फासांमध्ये. घट्ट घडीत त्यांना पकड मिळत नाही. जी घडी कुरतडण्याला दाद देत नाही, ती उष्णतेलाही सहजी दाद देत नाही, कारण दोघींचा हल्ला त्याच सैल कोपऱ्यावर असतो. उष्णता सोसणं हे या जिवाणूनं कमावलेलं कौशल्य नसावं. ते त्याला वर फुकटात मिळालं असावं.

बाहेर पडण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. साखळी पेशीत तयार होते तेव्हा तिच्या पुढच्या टोकाला २९ अमिनो आम्लांची एक चिठ्ठी जोडलेली असते: हिला बाहेर न्या. पेशीच्या आवरणातली वाट इतकी अरुंद की घडी घातलेलं प्रथिन तिच्यातून जातच नाही. म्हणून साखळी उलगडलेल्या अवस्थेत, सुईतून दोरा ओवावा तशी, बाहेर ओढली जाते. चिठ्ठी कापली जाते. आणि मग आवरण आणि पेशीभित्ती यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, बाहेरून मिळणारं कॅल्शियम घेत, तिची घडी बसते. पीआरएसए (PrsA) नावाचं एक मदतनीस प्रथिन तिथे खिळून बसलेलं असतं, ते या कामाला हातभार लावतं. तिथेच कुरतडणारी एन्झाइमंही दबा धरून असतात. जिची घडी वेळेत बसली नाही ती साखळी त्यांच्या तावडीत सापडते.

बॅसिलस जिवाणूंकडून जास्तीत जास्त अमायलेज करून घेऊ पाहणाऱ्यांची गाडी पुष्कळदा याच दारात अडते. जनुकाच्या प्रती वाढवल्या, साखळ्या भराभर बाहेर येऊ लागल्या, तरी हाती पडणारं एन्झाइम त्या प्रमाणात वाढत नाही, कारण घडी घालून देणारे हात कमी पडतात. त्या मदतनीस प्रथिनाची संख्या वाढवली की उत्पादन चढतं.